जुन्या वळणाची नवी गावं: पाउंडबरीत खोटं नेमकं काय आहे?

दगडवीट (धागाकर्ता)

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या डॉर्चेस्टरला लागून, पश्चिमेच्या अंगाला, पाउंडबरी नावाची वसाहत आहे. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची. ही मालमत्ता तिथल्या युवराजपदाबरोबर चालत येते. चार्ल्स युवराज होते तेव्हा त्यांनी १९८८ मध्ये लिऑन क्रीअर या लक्झेंबर्गच्या वास्तुविशारदावर आराखड्याचं काम सोपवलं. १९९३ मध्ये बांधकाम सुरू झालं. सुमारे ४०० एकरांवरची ही वसाहत टप्प्याटप्प्याने तीन दशकं वाढत आली आहे आणि आज तिथे चार हजारांहून जास्त लोक राहतात. चार्ल्स यांचा आधुनिक वास्तुकलेवरचा राग त्याआधीच जगजाहीर होता. १९८४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेला दीडशे वर्षं झाली, त्या समारंभात पाहुणे म्हणून बोलताना त्यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या नियोजित विस्ताराला गळवाची उपमा दिली होती. तेव्हा जे शब्दांत मांडलं, ते पाउंडबरीत दगड-विटांत उतरलं.

या गावावरची नेहमीची टीका मला पटत नाही, हे आधी सांगतो. विसाव्या शतकाच्या अखेरीला अठराव्या शतकासारखी घरं बांधणं म्हणजे ढोंग, अशी ती टीका असते. पण खांब, कमानी, उतरती छपरं यांवर कुठल्याच शतकाची मालकी नाही. लंडनचं संसद भवन १८३४ च्या आगीत जळाल्यावर मध्ययुगीन गॉथिक वळणाने पुन्हा बांधलं गेलं. आज त्याला कुणी खोटं म्हणत नाही. तेव्हा शैलीचा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

जुनं गाव जसं दिसतं तसं का दिसतं, याचा विचार करा. एका घराचं छप्पर शेजारच्यापेक्षा हातभर उंच असतं, कारण ते दोन पिढ्यांनंतर, वेगळ्या माणसाने, वेगळ्या ऐपतीने बांधलेलं असतं. दुकानाचं घर होतं, घराचं दुकान होतं, मधली भिंत पडते, एखादी खिडकी बुजते. त्या सगळ्या कमीजास्तपणात अनेकांचे निर्णय साठलेले असतात. पाउंडबरीत हाच कमीजास्तपणा आधी कागदावर काढला आणि मग बांधला. एकाच दशकातल्या शेजारशेजारच्या घरांना वेगवेगळ्या शतकांचे चेहरे दिले. काही भिंतींत बुजवलेल्या खिडक्या आहेत, ज्या कधी उघड्या नव्हत्याच. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोक खिडक्या बुजवत. त्या काळाची ही खूण नव्या भिंतीवर मुद्दाम उमटवलेली.

इथपर्यंतही मी चालवून घेईन. खरी गोम पुढे आहे. घर विकत घेणाऱ्याला खरेदीबरोबर अटी येतात. बाहेरचा रंग, दारं-खिडक्या, वाढीव खोली यांसाठी डचीची संमती लागते, रस्त्यावरून दिसेल अशी डिश अँटेना चालत नाही. म्हणजे ज्या प्रक्रियेतून शेजारचं डॉर्चेस्टर घडलं ती इथे खरेदीखतातच थांबवली आहे. काळ जे बदल करतो ते आधीच करून ठेवायचे आणि पुढे होऊ शकणाऱ्या बदलांना मज्जाव करायचा. माझा आक्षेप या जोडीला आहे. तुमची मतं वाचायला आवडतील.

निळीशाई

मांडणी आवडली. निष्कर्ष अजिबात पटला नाही.

जुनी गावं आपोआप, अनेकांच्या हातून हळूहळू वाढली हे अर्धंच चित्र आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात माँपाझिए आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ते १२८४ मध्ये वसवलं. काटकोनात छेदणारे रस्ते, मध्ये चौक, मापून दिलेले भूखंड. राजाच्या हुकमाने, एका आराखड्यावर बसवलेलं गाव, आणि आज प्रवासी ते 'अस्सल मध्ययुगीन' म्हणून बघायला जातात. एडिंबराचं न्यू टाउन १७६७ मध्ये जेम्स क्रेगच्या आराखड्यावरून आखलं गेलं. तेही रांगेत, मोजून मापून.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही घरांची रांग तर तुमच्या मुद्द्याच्या मुळावरच येते. १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली तीस घरं, ११४ खांब आणि एक सलग, चंद्रकोरीसारखी वळलेली दर्शनी भिंत. धाकट्या जॉन वुडने आराखडा केला तो या दर्शनी बाजूचा. घेणाऱ्यांनी तिचा आपापल्या ऐपतीएवढा भाग घेतला आणि मागे आपला माणूस लावून हवं तसं घर बांधलं. मागच्या बाजूला गेलात तर छपरं वरखाली, खिडक्या कुठेही. पुढून एकच राजवाडा वाटावा म्हणून केलेली ती रचना आहे. मग पाउंडबरीला जो न्याय लावताय तो बाथला का नको?

बुजवलेल्या खिडक्यांचं कारण फक्त कर नव्हतं. आत जिना किंवा धुराडं असेल आणि बाहेरची लय सांभाळायची असेल, तर सुरुवातीपासूनच आंधळी खिडकी ठेवायची रीत त्या काळातही होती. पाउंडबरीतली आंधळी खिडकी त्या रीतीतली आहे, तिला कराची नक्कल का म्हणायचं?

अटींचंही तेच. लंडनचे ब्लूम्सबरी, मेफेअर हे भाग बेडफर्ड, ग्रोव्हनर अशा सरदार घराण्यांच्या जमिनींवर भाडेपट्ट्याने उभे राहिले. बाहेरून घर कसं दिसलं पाहिजे, तिथे कोणता धंदा चालणार नाही, हे पट्ट्यात लिहिलेलं असे. बेडफर्ड घराण्याने तर आपल्या रस्त्यांवर फाटकं घालून पहारेकरी ठेवले होते. डची काही जगावेगळं करत नाहीये.

दगडवीट

फाटकांचा दाखला दिलात तर पुढचंही सांगायला हवं. ब्लूम्सबरीतली ती फाटकं १८९० च्या दशकात संसदेच्या कायद्याने काढायला लावली. जमीनदाराने आपण होऊन नाही काढली. पुढे त्याच घरांमध्ये कचेऱ्या आल्या, वसतिगृहं आली, विद्यापीठाचे विभाग आले. आज आपल्याला जी ब्लूम्सबरी आवडते ती मालकाची पकड सैल झाल्यानंतरची आहे.

बाथबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण त्या मागच्या बाजू पुन्हा बघा. तिथे तीस कुटुंबांना तीस निर्णय घेता आले, आणि पुढची भिंत आपण काल-परवा बांधलेली आहोत हे लपवत नव्हती. वुडने नवी कोरी भव्य इमारत बांधली आणि ती नवी कोरीच दाखवली. तिच्यावर दोनशे वर्षांच्या डागडुजीचा आव आणला नाही.

चुनाकाम

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते, म्हणून मला भिंतीपासून बोलायचं आहे. वर दोघांनीही दर्शनी बाजूवर इतकं लिहिलं, पण तिच्या आत काय आहे हे कुणी विचारलं नाही.

जुन्या इंग्लिश घराची विटांची भिंत भरीव असते. काही विटा भिंतीच्या लांबीला धरून बसतात, काही आडव्या आत शिरतात. आडव्या विटेचं फक्त छोटं तोंड बाहेर दिसतं आणि तीच वीट भिंतीच्या पुढच्या-मागच्या थरांना बांधून ठेवते. लांब बाजू, छोटं तोंड, पुन्हा लांब बाजू, ही जी रांग आपण जुन्या घरांवर बघतो ती भिंत उभी राहण्याची पद्धत आहे. आजची भिंत दोन पदरी असते. आतून काँक्रीटचे ब्लॉक, मध्ये पोकळी आणि उष्णता अडवणारा थर, बाहेरून एका विटेचा पातळ पदर. त्या पातळ पदरात आडवी वीट बसूच शकत नाही. जुनी रांग हवीच असेल तर विटा अर्ध्या तोडून त्यांची तोंडं बाहेर दाखवतात. बाहेरून अगदी तंतोतंत दिसतं. ती वीट मात्र कशालाही बांधलेली नसते.

पुढे चुना. चुन्याच्या मसाल्यातली भिंत थोडीफार हलून घेते आणि बारीक भेगा काळाने भरून काढते. सिमेंटमध्ये बांधलेल्या लांब भिंतीला ते जमत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर वरपासून खालपर्यंत एक उभी फट सोडावी लागते. जुन्या वळणाच्या घरावर ती फट डोळ्यांत खुपते, म्हणून तिच्यावरून पावसाच्या पाण्याचा नळ उतरवतात. इंग्लंडमधल्या नव्या 'जॉर्जियन', म्हणजे अठराव्या शतकाच्या वळणाच्या, घरांच्या रांगेत कधी गेलात तर नळांच्या मागे डोकावून बघा. छपरावर कारखान्यातून तयार आलेली फायबरग्लासची धुराडी बसवलेली असतात, खाली शेकोटीच नसते. मजल्यांच्या उंचीतही हेच होतं. जुन्या घरात पाहुण्यांच्या बैठकीचा मजला सर्वांत उंच आणि नोकरांचा माळा सर्वांत बुटका, त्यामुळे खिडक्या वर जाताना लहान होत जातात. आज सगळेच मजले जेमतेम आठ फुटांचे. मग त्यावर जुन्या प्रमाणाच्या खिडक्या बसवल्या की त्या दबल्यासारख्या दिसतात.

पाउंडबरीबद्दल न्यायाने बोलायचं तर तिथलं काम सर्वसाधारण बिल्डरच्या कामापेक्षा पुष्कळ वरचं आहे. दगड खरा आहे, लाकडी खिडक्या आहेत, प्रमाणं जाणत्या माणसांनी बसवलेली कळतात. दगड घडवणाऱ्या, सुतारकाम करणाऱ्या लोकांना तिथे वर्षानुवर्षं काम मिळालं याचं मला मोल आहे. म्हणूनच हळहळ वाटते. इतका पैसा, इतका वेळ आणि राजघराण्याचा पाठिंबा असताना भरीव भिंत आणि चुना यांनी आजचे ऊर्जेचे नियम कसे पाळता येतील, हे शोधायची संधी होती. परंपरा म्हणजे बांधायची रीत असं मी मानते. तिथे जपलं गेलं ते मुख्यतः बाहेरचं रूप.

निळीशाई

चुनाकाम, माहितीबद्दल मनापासून आभार. एक शंका. रोमन लोकांनी काँक्रीटच्या भिंतींवर विटांचा आणि संगमरवराचा पातळ थर चढवला. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये विटांच्या भिंती संगमरवराच्या पातळ फरशांनी मढवल्या आहेत. आतलं एक आणि बाहेरचं एक हे परंपरेतच आहे. मग फक्त विसाव्या शतकानंतरच्यांनाच प्रामाणिकपणाची सक्ती का?

चुनाकाम

मढवलेली फरशी मढवलेलीच दिसते. सेंट मार्कमध्ये एकच शिळा चिरून तिचे दोन काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले आहेत, शिरा आरशातल्यासारख्या समोरासमोर येतात. हा पातळ पृष्ठभाग आहे हे ते काम स्वतः सांगतं. तोडलेली अर्धी वीट मात्र आपण अख्खी असल्याचं भासवते.

रस्तामापी

तुम्ही सगळे भिंतीला नाक लावून उभे आहात. जरा मागे सरून आराखडा बघा.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत इंग्लंडमध्ये गावांच्या कडेला ज्या वसाहती झाल्या त्यांचा साचा ठरलेला आहे. नुसती घरं. प्रत्येक रस्ता पुढे बंद. सगळे रस्ते मिळून एका मोठ्या रस्त्याला लागतात आणि त्याच्या पलीकडे दूर कुठेतरी दुकानं, त्याहून दूर कामाच्या जागा. शाळेत जायचं तर गाडी, पत्र टाकायचं तर गाडी. हे आपोआप झालेलं नाही. राहण्याचा, कामाचा आणि खरेदीचा भाग वेगवेगळा ठेवायचा, हा नियोजनाचा सिद्धान्तच होता. क्रीअर आयुष्यभर या सिद्धान्ताशी भांडले. त्यांचं म्हणणं साधं होतं. शहर म्हणजे छोट्या छोट्या पूर्ण वस्त्यांचा समूह. प्रत्येक वस्तीत घर, काम, बाजार, सार्वजनिक जागा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा मिनिटांत पायी जाता यावं.

पाउंडबरीत हे करून दाखवलं आहे. दोन हजारांहून जास्त लोक तिथे काम करतात. चॉकलेटचा कारखाना वस्तीतच उभा राहिला. आधी घरांच्या आणि चौकांच्या जागा ठरवल्या आणि रस्ते त्यांच्यामधून वळत गेले, त्यामुळे गाडीला वेग घेताच येत नाही. रस्त्यावर पट्टे आणि पाट्या जवळजवळ नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट: साधारण ३५ टक्के घरं परवडणाऱ्या दरातली आहेत आणि ती वेगळ्या इमारतीत, वेगळ्या कोपऱ्यात ढकललेली नाहीत. बाजारभावाने घेतलेल्या घरांमध्येच ती मिसळली आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत.

गाड्या तिथेही भरपूर आहेत, घरामागची अंगणं त्यांनी भरलेली असतात, हे खरंच. ४०० एकरांचा एक तुकडा चांगला आखल्याने आजूबाजूच्या सगळ्या प्रदेशाची गाडीची सवय सुटत नाही. पण इतकं सगळं केल्यावर चर्चा धुराड्यांवर आणि विटेच्या तोंडावर येऊन थांबते, याचा मला खरोखर त्रास होतो. वास्तुविशारदांनी तीस वर्षं या गावाचे फोटो बघून नाकं मुरडली आणि नकाशा बघितलाच नाही. त्यांनी हाच नकाशा आपल्या आवडीच्या काच-काँक्रीटमध्ये बांधून दाखवला असता तरी मी त्यांचा आभारी राहिलो असतो.

अंगणातली

रस्तामापी यांच्याशी पूर्ण सहमत.

उत्तररात्र

नकाशा चांगला असूनही गाव कसं वाकडं जातं याचे दाखले अमेरिकेत आहेत. फ्लोरिडात सीसाइड नावाची वसाहत १९८१ मध्ये सुरू झाली, ८० एकरांची. अँड्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांची आखणी, आणि सुरुवातीला क्रीअर यांचाही सल्ला. लाकडी घरं, ओसऱ्या, पांढरी कुंपणं, पायी फिरता येईल असे रस्ते. आखणीच्या दृष्टीने उत्तम काम. परिणाम काय झाला? जागा इतकी आवडली की किमती भडकल्या आणि बहुतेक घरं सुट्टीत भाड्याने देण्याची झाली. ज्याचं सगळं गावच नाटकाचा सेट आहे अशा माणसाची गोष्ट सांगणाऱ्या १९९८ च्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं.

ऑर्लँडोजवळचं सेलेब्रेशन डिस्नी कंपनीने उभारलं, १९९६ मध्ये पहिले लोक राहायला आले. इमारती नामवंत वास्तुविशारदांच्या: टाउन हॉल फिलिप जॉन्सनचा, पोस्ट मायकेल ग्रेव्ह्जचं, चित्रपटगृह सीझर पेलीचं. घरांसाठी ठरवून दिलेल्या सहा शैलींचा संग्रह होता, त्यातून निवडायचं. २००४ मध्ये कंपनीने गावाचा मध्यभाग एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकला. लोक ज्याला आपला चौक समजत होते तो कुणाचा तरी हिशेबातला माल होता. पुढे त्या भागातल्या फ्लॅटधारकांनी गळती आणि कुजलेल्या बांधकामाबद्दल २०१६ मध्ये नव्या मालकाला न्यायालयात खेचलं.

आणि ग्वाटेमाला सिटीतलं कायाला. आखणीत क्रीअर यांचा हात, २०११ मध्ये खुलं झालं. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, रोमन आणि स्पॅनिश वळणाच्या इमारती, मोटारींना मज्जाव असलेले चौक, खासगी पहारा. ज्या देशात लोकसंख्येचा मोठा भाग माया वंशाचा आहे तिथे परंपरा म्हणून जिंकणाऱ्यांची वास्तुकला निवडली. दगडवीट यांचा मालकीचा मुद्दा मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. परंपरा कुणाची घ्यायची, हे जमीन ज्याच्या हातात तो ठरवतो. पाउंडबरीत तो युवराज होता. त्याला खेडं कसं आठवावंसं वाटलं तसं ते बांधलं. डॉर्सेटच्या शेतमजुरांची दाटीची, ओलसर घरं त्या आठवणीत कुठे आहेत?

अंगणातली

आता सविस्तर लिहिते.

उत्तररात्र, ओलसर घरं कुणाला परत हवी आहेत? मजुराच्या वारसाला कोरडं, उबदार, देखणं घर मिळालं तर इतिहासाशी बेइमानी होते का? गरिबाच्या वाट्याला जे आलं तेच तेवढं खरं, ही मागणी मला कठोर वाटते.

पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथलं जुनं शहर १९४४ मध्ये जर्मनांनी ठरवून उद्ध्वस्त केलं. लोकांनी ते पुन्हा उभं केलं. आधारासाठी काय होतं? बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली चित्रं, आणि तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागाने केलेल्या मोजमापांची रेखाटनं, जी युद्धाच्या काळात पिओत्रकुफच्या मठात लपवून ठेवली होती. मधला चौक १९५३ मध्ये पूर्ण झाला. दर्शनी भिंती जुन्यासारख्या, पण मागची दाटीची बांधकामं पुन्हा बांधली नाहीत, उजेड आणि हवा आत येऊ दिली. म्हणजे तिथेही मागे नवं, पुढे जुनं. काही ठिकाणी तर चित्रकाराच्या हाताने झालेले बदलही भिंतींवर उतरले. युनेस्कोने १९८० मध्ये या शहराला जागतिक वारसा ठरवलं. तिथल्या माणसाला तुमचं घर नकली आहे असं सांगायची कुणाची छाती होईल?

माणसं जिथे राहतात, मुलं वाढवतात, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला जातात, ते गाव खरं असतं. पाउंडबरीत तीस वर्षांची मुलं-माणसं झाली आहेत. त्यांचं बालपण त्या गल्ल्यांत गेलं. त्यांच्या आठवणींना आपण इथे बसून प्रमाणपत्र देणार का?

उत्तररात्र

वॉर्सा आणि पाउंडबरी एका ओळीत बसवू नका, कळकळीने सांगतो. वॉर्साच्या लोकांचं शहर होतं, ते डोळ्यांदेखत गेलं आणि त्यांनी ते परत आणलं. पाउंडबरीच्या जागी शेतं होती. वॉर्सातली प्रत्येक भिंत काय झालं ते सांगते. पाउंडबरीतली भिंत जे झालंच नाही ते सांगते.

शांघायजवळच्या सोंगजियांगमधलं थेम्स टाउन २००६ मध्ये पूर्ण झालं. इंग्लिश चर्च, दगडी रस्ते, लाल टेलिफोन खोकी. लाइम रेजिस या गावातल्या एका पबची आणि शेजारच्या दुकानाची नक्कलही तिथे उभी केली. कित्येक वर्षं तिथली घरं ओस होती आणि लग्नाचे फोटो काढायला जोडपी येत. लाइम रेजिस हे डॉर्सेटमधलंच, पाउंडबरीच्याच परगण्यातलं. एक नक्कल दूरवर झाली म्हणून तिच्याकडे परकेपणाने बघायचं आणि दुसरी घराशेजारी झाली म्हणून तिला परंपरा म्हणायचं, हे मला जमत नाही.

रस्तामापी

पण फरक तुम्हीच लिहिलात की. थेम्स टाउन ओस पडलं, पाउंडबरी भरलं. तिथे दवाखाने, कचेऱ्या, दुकानं चालतात. दोन्हीकडे फक्त पोशाख बघितला तर दोन्ही सारखी दिसणारच.

निळीशाई

जर्मनीतल्या फ्रांकफुर्टचं उदाहरण या दोन्हींच्या मधलं आहे. कॅथेड्रल आणि रोमर हे जुनं नगरभवन यांच्यामधली जुनी वस्ती १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत गेली, १९७४ मध्ये तिथे काँक्रीटचं भलंमोठं सरकारी कार्यालय आलं, ते पाडून २०१८ मध्ये ३५ घरांचा 'नवा जुना' भाग खुला झाला. त्यातली १५ घरं जुन्यांची हुबेहूब पुनर्रचना, उरलेली २० नवी, पण जुन्या मापात आणि उतरत्या छपरांची. कुठलं घर कुठल्या प्रकारचं हे शहराने उघड सांगितलं आहे. खाली भुयारी रेल्वेचं स्थानक आणि वाहनतळ आहे. हा मोकळेपणा पाउंडबरीत असता तर दगडवीट यांचा अर्धा आक्षेप गळाला असता, असं मला वाटतं.

दगडवीट

गळाला असता, आणि उरलेला अर्धा मालकीचा. त्यासाठी बाथमधलीच एक घटना सांगतो. रॉयल क्रेसेंटमधल्या २२ क्रमांकाच्या घराच्या मालकीणबाईंनी १९७० च्या दशकात पुढचं दार पिवळं रंगवलं. बाकी दारं पांढरी. नगरपालिकेने नोटीस काढली. त्या मागे हटल्या नाहीत, प्रकरण चौकशीला गेलं, शेवटी मंत्र्याने दार पिवळं राहू द्यायचा निर्णय दिला. तिथेही नियम होते, कडक होते. पण नियम करणारी संस्था लोकांनी निवडलेली होती, तिच्यावर अपील होतं, वर्तमानपत्रांत वाद झाला आणि एका बाईने जिंकून दाखवलं. पाउंडबरीत हेच दार रंगवायचं तर आधी डचीशी खरेदीखतात केलेला करार आडवा येतो. जमीन विकणारा, आराखडा मंजूर करणारा आणि रंगाला संमती देणारा एकच.

निळीशाई

इंग्लंडच्या १९२५ च्या मालमत्ता कायद्यात जुन्या, निरर्थक झालेल्या अटी न्यायाधिकरणाकडून बदलून किंवा रद्द करून घ्यायची सोय आहे. मार्ग अगदीच बंद नाही.

तरी तुमचा मुद्दा पुढे नेतो, कारण त्याला तयार नमुना आहे. लंडनमधलं हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब. हेन्रिएटा बार्नेट यांनी १९०७ मध्ये सुरू केलं, रेमंड अन्विनची आखणी. तेही तेव्हा जुन्या इंग्लिश खेड्याच्या वळणाने बांधलं होतं, उंच छपरं, जाड धुराडी, हिरवी कुंपणं. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना घरं विकत घ्यायचा हक्क मिळाला तेव्हा सगळं रूप विस्कटेल अशी भीती होती. म्हणून १९७४ मध्ये न्यायालयाच्या मंजुरीने एक व्यवस्थापन योजना झाली. आज बाहेरच्या बदलांना संमती देतो तो एक न्यास, आणि त्याच्या विश्वस्तांत रहिवाशांनी निवडून दिलेले लोक आहेत. डचीने पाउंडबरी पूर्ण होताच संमतीचे अधिकार अशा न्यासाकडे सोपवावेत. एवढं झालं तर माझ्या लेखी ते गाव उरलेल्या गावांसारखंच होईल.

दगडवीट

हे मला मान्य आहे. अट एकच, त्या न्यासाला 'नाही' इतकंच 'हो' म्हणायचीही मोकळीक हवी. चुनाकाम म्हणतात तशी भरीव भिंतीची खोली कुणी वाढवू पाहत असेल, कुणी सपाट छपराचं काचेचं घर मागच्या बाजूला जोडू पाहत असेल, तर ते आताच्या घरांशी जुळत नाही एवढ्यावर अडवू नये.

उत्तररात्र

हॅम्पस्टेडचा नमुना घेण्याआधी त्याचं पुढे काय झालं तेही बघा. बार्नेटबाईंना तिथे सगळ्या थरांतले लोक एकत्र राहायला हवे होते. कामगारांसाठी स्वस्त भाड्याची छोटी घरं मुद्दाम बांधली होती. शंभर वर्षांत कुंपणं, छपरं, धुराडी सगळं जपलं गेलं आणि ती कामगारांची छोटी घरंसुद्धा लंडनमधल्या महागड्या घरांत जाऊन बसली. रंगाला आणि छपराला संरक्षण होतं, भाड्याला नव्हतं.

रस्तामापींनी ज्या ३५ टक्के घरांचा अभिमानाने उल्लेख केला, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. डची उद्या अधिकार सोडणार असेल तर त्या न्यासाच्या घटनेत पहिलं कलम त्या घरांचं हवं: ती कुणाला, कशी आणि किती पिढ्या परवडत राहतील.

रस्तामापी

आणि त्यासाठी न्यासाकडे जमीन हवी, नुसता संमतीचा शिक्का पुरणार नाही. इंग्लंडमधल्या लेचवर्थमध्ये, १९०३ पासूनच्या पहिल्या उद्यान-नगरात, गावातल्या बऱ्याचशा जमिनीची आणि इमारतींची मालकी आजही एका धर्मादाय संस्थेकडे आहे. तिचं उत्पन्न गावातच खर्च होतं. डचीने पाउंडबरीतली दुकानं आणि कचेऱ्या अशा संस्थेच्या नावावर केल्या तर त्या भाड्यातून परवडणारी घरं राखता येतील. मी जमल्यास लेचवर्थचा कारभार कसा चालतो यावर वेगळा धागा काढतो.